ब्रिटानियाची सुभेदारी कशी मिळते : पात्रता, कागदपत्रे आणि अटी

आधी एक खुलासा. या पदासाठी अर्जाचा नमुना नसतो, जाहिरात निघत नाही, परीक्षाही होत नाही. नेमणूक थेट रोमच्या सम्राटाच्या हातची असते. तरी पात्रतेचे नियम आहेत, कागदपत्रे आहेत आणि अटी तर भरपूर आहेत. त्यातल्या बऱ्याचशा अटींमागे कोणाचे तरी फसलेले कारस्थान आहे. पुढची माहिती सम्राट मार्कस ऑरेलियसच्या शेवटच्या वर्षांतली, म्हणजे इ.स. १८० च्या सुमाराची आहे.

पदाचे अधिकृत नाव 'लेगाटुस आउगुस्ती प्रो प्रेतोरे', म्हणजे सम्राटाचा प्रतिनिधी. आपण सोयीसाठी सुभेदार म्हणू. ब्रिटानिया (रोमच्या ताब्यातले ब्रिटन) हा साम्राज्याचा अगदी वायव्य टोकाचा सुभा आहे आणि तिथे तीन लीजन, म्हणजे रोमन पायदळाच्या मोठ्या पलटणी, असतात : कारलिऑन, चेस्टर आणि यॉर्क इथे एकेक. म्हणजे पंधरा-सोळा हजार पायदळ, शिवाय जवळपास तितकेच किंवा अधिक साहाय्यक सैनिक. एवढी फौज एका माणसाच्या हुकमात देताना सम्राट शंभर वेळा विचार करतो, हे लक्षात घेतले की बाकीचे नियम आपोआप कळतात.

पात्रता

उमेदवार सिनेटर, म्हणजे रोमच्या सिनेट या वरिष्ठ सभेचा सभासद, असावा आणि त्याची मालमत्ता किमान दहा लाख सेस्टर्स (रोमन नाणे) असावी. घोडेस्वार वर्गातला, म्हणजे सिनेटरांच्या खालच्या श्रीमंत वर्गातला चार लाखांवाला माणूस, कितीही कर्तबगार असला तरी इथे चालत नाही. (इजिप्तमध्ये नेमके उलटे आहे. तिथला कारभारी घोडेस्वार वर्गातलाच लागतो, आणि सिनेटरला परवानगीशिवाय पाऊल टाकायचीही बंदी आहे. इ.स. १९ मध्ये सम्राट टिबेरियसचा दत्तक मुलगा जर्मॅनिकस न विचारता तिकडे गेला, तर त्यालाही बोलणी खावी लागली. रोमचे धान्य ज्याच्या हाती, त्याच्यावर भरवसा कोण ठेवील!)

पायऱ्या ठरलेल्या आहेत. विशीच्या आसपास रोममधले एखादे किरकोळ पद, मग लीजनमध्ये रुंद जांभळ्या काठाच्या अंगरख्याचा ट्रिब्यून (लष्करी अधिकारी), पंचविशीत क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी), तिशीत प्रेटर (न्यायाधीश), त्यानंतर एखाद्या लीजनचे सेनापतिपद. एका लीजनच्या सुभ्यासाठी प्रेटरकी झालेली पुरते. दोन किंवा जास्त लीजन असतील तर कॉन्सलपद, म्हणजे रोममधले सर्वोच्च अधिकारपद, भोगलेलेच हवे, म्हणजे सामान्य घराण्यातल्या माणसाचे वय चाळिशीला टेकते. वयाच्या अटीत प्रत्येक अपत्यामागे एक वर्षाची सूट मिळते.

नमुना म्हणून पहिल्या शतकातला ब्रिटानियाचा सुभेदार अग्रिकोला याची कारकीर्द पाहावी. जन्म इ.स. ४०. तरुणपणी ब्रिटनमध्येच ट्रिब्यून, ६४ मध्ये आशिया प्रांतात (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम भाग) क्वेस्टर, ६८ मध्ये प्रेटर, ७० मध्ये पुन्हा ब्रिटनमध्ये विसाव्या लीजनचा सेनापती, मग अ‍ॅक्विटानियाची (आजचा नैर्ऋत्य फ्रान्स) सुभेदारी, ७७ मध्ये कॉन्सल आणि लगेच ब्रिटानिया. एकाच सुभ्यात तिन्ही हुद्दे मिळणे फार दुर्मीळ. बाकीच्यांनी त्यावर आशा बांधू नये.

जन्मस्थानाची अट मात्र नवी आहे. सिरियाचा सुभेदार अविडियस कॅसियस मूळचा सिरियातलाच होता. इ.स. १७५ मध्ये मार्कस ऑरेलियस वारल्याची खोटी बातमी आली आणि याने स्वतःला सम्राट जाहीर केले. तीन महिन्यांत त्याच्याच माणसांनी त्याला मारले. तेव्हापासून कोणालाही स्वतःच्या जन्मप्रांताची सुभेदारी मिळत नाही. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर अधिकाऱ्यांना गृहजिल्ह्यातून हलवतात, त्यामागचा विचार फारसा वेगळा नाही.

शिफारस

पात्रता सगळ्यांकडेच असते. खरा खेळ वशिल्याचा. रोममध्ये त्याची कोणाला लाज नाही, उलट शिफारसपत्र लिहिणे हे सभ्य माणसाचे कर्तव्यच समजतात. सुभेदारपद सम्राट देतो, पण खालची पदे सुभेदाराच्या मर्जीतली असतात, त्यामुळे साखळी वरपासून खालपर्यंत जाते. इ.स. १०३ च्या सुमाराला ब्रिटानियाचा सुभेदार होता नेरेशियस मार्सेलस. सिनेटर आणि लेखक धाकट्या प्लिनीने शब्द टाकून त्याच्याकडून चरित्रकार सुएटोनियससाठी ट्रिब्यूनचे पद मिळवले. सुएटोनियसला ऐनवेळी जावेसे वाटेना, म्हणून 'माझ्याऐवजी नातेवाइकाला द्या' अशी त्याने विनंती केली. प्लिनीचे उत्तर : हरकत नाही, तुमचे नाव अजून नोंदवहीत चढलेले नाही, तेव्हा दुसरे घालता येईल.

साखळीचे खालचे टोकही आपल्याला दिसते. ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवरच्या हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा इथे चिखलात पातळ लाकडी पट्ट्यांवरची पत्रे सापडली. त्यांत बटाव्हियन तुकडीचा प्रमुख फ्लेवियस सेरियालिस याच्या एका पत्राचा कच्चा मसुदा आहे. क्रिस्पिनुस नावाच्या वजनदार माणसाला तो याच मार्सेलसचा उल्लेख करून गळ घालतो, की माझ्यासाठी चार मित्र जोडून द्या, म्हणजे इथली नोकरी सुखाची होईल. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही चिठ्ठी वाचून मंत्रालयाच्या जिन्यावरची गर्दी डोळ्यांपुढे आली, तर तो आपला दोष नाही.

कागदपत्रे

नेमणुकीचे पत्र सम्राटाच्या सहीशिक्क्याने येते. सोबत 'मांदाता', म्हणजे लेखी सूचना. सरकारी डाकेचे घोडे आणि गाड्या वापरायचे परवाने मोजून मिळतात. मुदत संपलेला परवाना चालणार नाही, असे सम्राट ट्रेजनने प्लिनीला स्पष्ट कळवले होते.

खासगी पत्रव्यवहार मात्र जपून ठेवू नये. इ.स. ८९ मध्ये ऱ्हाइनकाठच्या माइन्झला तिथला सुभेदार सॅटर्निनस बंडाला उठला, तेव्हा ते मोडणाऱ्या लाप्पियस मॅक्सिमसने आधी त्याची पत्रे जाळली. ती जाळली नसती, तर सम्राट डोमिशियनने त्यांत नाव आलेल्या प्रत्येकाची मान उतरवली असती. कॅसियसच्या बंडानंतर सिरियातही असेच झाले.

अटी

सम्राटाच्या किंवा सिनेटच्या हुकमाशिवाय नवी भरती नाही, ठरल्यापेक्षा जास्त वसुली नाही. दोन लीजन एका छावणीत ठेवायची नाहीत आणि छावणीच्या खजिन्यात एका सैनिकाची ठेव हजार सेस्टर्सपेक्षा जास्त नसावी. या शेवटच्या दोन अटी सॅटर्निनसची देणगी. माइन्झच्या छावणीत दोन लीजन एकत्र होती आणि शिपायांची सगळी बचत तिथेच पडून होती. त्याने तीच ताब्यात घेतली. बायकोला बरोबर नेता येते, पण तिच्या गैरवर्तनाला नवराच जबाबदार.

सर्वांत महत्त्वाची सूचना : वसुलीखाते सुभेदाराच्या हाताखाली नाही. त्या खात्याचा अधिकारी, प्रोक्युरेटर, घोडेस्वार वर्गातला असतो आणि थेट सम्राटाला लिहितो. ब्रिटनमधल्या एका जमातीची राणी बूडिका हिचे बंड मोडणाऱ्या सुभेदार सुएटोनियस पॉलिनसला (हा वरचा चरित्रकार नव्हे) हे चांगलेच भोवले. नवा प्रोक्युरेटर क्लासिशियानस याने रोमला कळवले, की हा सुभेदार आहे तोवर लढाई संपणार नाही. चौकशीला सम्राट नीरोने पॉलिक्लिटस नावाचा मुक्त केलेला गुलाम पाठवला. फौजा जिंकणारा सेनापती गुलामापुढे वाकतो, हे पाहून ब्रिटन लोक हसले म्हणे. पॉलिनसला तेवढ्यापुरते राहू दिले, आणि पुढे काही जहाजे बुडाल्याचे निमित्त करून बदलले. क्लासिशियानसच्या थडग्याचे दगड लंडनमध्ये सापडले, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

स्वतःच्या सेनापतींकडेही लक्ष असावे. इ.स. ६९ मध्ये विसाव्या लीजनच्या रोशियस सीलियसने सुभेदार ट्रेबेलियसला एवढे सतावले, की तो सुभा सोडून पळाला. या सीलियसच्याच जागी पुढे अग्रिकोला आला.

अपात्रतेची यादी कुठे लिहिलेली नाही. सॅलस्टियस लुकुलस या सुभेदाराने नव्या धाटणीच्या भाल्याला आपले नाव देऊ दिले, एवढ्यावर डोमिशियनने त्याला ठार केले.

मुदत

निश्चित नाही, साधारण तीन वर्षे धरावीत. पुढचा सुभेदार पोचताच निघायचे आणि तीन महिन्यांत रोममध्ये हजर व्हायचे. अग्रिकोला सात उन्हाळे टिकला आणि कॅलेडोनियात, म्हणजे आजच्या स्कॉटलंडमध्ये, मोठी लढाई जिंकून परतला. स्वागताला गर्दी होऊ नये म्हणून तो हुकमाप्रमाणे रात्री शहरात शिरला, रात्रीच राजवाड्यावर गेला. डोमिशियनने घाईत एक चुंबन घेतले, बोलला काहीच नाही, आणि अग्रिकोला दरबाऱ्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला.