मेपलसनची सिलिंडरं आणि हरवलेली पट्टी

एआयने खरखर काढली की शंभर वर्षांपूर्वीचा गायक समोर बसून गातोय असं वाटतं, हे हल्ली फार ऐकायला मिळतं. खरखर काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे हो, खरी मेहनत त्याच्या आधीची असते.

लायोनेल मेपलसन हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचा लायब्ररियन. त्याने 1900 साली फोनोग्राफ, म्हणजे मेणाच्या सिलिंडरवर आवाज कोरणारं आणि वाजवणारं यंत्र, विकत घेतला आणि मुख्यतः 1901 ते 1903 मध्ये चालू प्रयोगांचं रेकॉर्डिंग केलं, आधी प्रॉम्प्टरच्या खोक्यातून आणि मग रंगमंचाच्या वर भला मोठा कर्णा लावून. कंपनीसाठी नाही, स्वतःच्या हौसेने. एका सिलिंडरवर जेमतेम दोन मिनिटं मावायची, त्यामुळे तान मध्येच तुटते, पण नेली मेल्बा ही गायिका ऐन प्रयोगात कशी गायची ते यात कळतं आणि ज्याँ द रेश्के या टेनरचा, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा, आवाज तर एवढ्यावरच टिकलाय. 2022 मध्ये मेपलसनच्या कुटुंबाकडून आणखी 16 सिलिंडरं आणि त्याच्या डायऱ्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीकडे आल्या.

आता हे मेण म्हणजे मेणबत्तीचं नव्हे, धातूचा साबण म्हणतात तसला पदार्थ असतो आणि बुरशी तो आवडीने खाते. गार सिलिंडरला गरम हात लागला तरी तडा जाऊ शकतो, म्हणून बाहेरून धरायचंच नाही, पोकळीत दोन बोटं घालून ती जराशी फाकवायची आणि उचलायचं. नंतरच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीत सुई डावी-उजवीकडे हलते, यात ती खाली-वर हलते, म्हणजे आवाज खाचेच्या खोलीत कोरलेला असतो. मिनिटाला 160 फेरे धरले तर सुईखालून सेकंदाला साधारण 46 सेंटिमीटर मेण सरकतं, म्हणजे 1000 हर्ट्झच्या सुराची एक लाट अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. जड सुईने वारंवार वाजवलं की या लाटा घासून सपाट होतात, आणि मेपलसनची सिलिंडरं भरपूर वाजवली गेली होती. जी लाट घासून गेली किंवा कर्ण्याने मुळात पकडलीच नाही ती एआय परत आणत नाही, अंदाजाने नवी बनवतो. ऐकायला छान वाटेल, पण तो त्या गायिकेचा पुरावा नाही.

आणि 160 हा आकडा मी धरलाय, मेपलसन नेमक्या किती वेगाने कोरत होता ते सिलिंडरवर लिहिलेलं नसतं. वाजवताना वेग 6 टक्के जास्त धरला की सूर अर्ध्या पडद्याने सरकतो, म्हणजे काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. नुसती पट्टीच नाही, अ-आ-इ-ई या स्वरांचे उच्चारही सरकतात, कारण घशा-तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या फ्रिक्वेन्सी त्याच प्रमाणात वर जातात आणि भारदस्त बाई पोरसवदा वाटायला लागते. ऑपेराची स्वरलिपी छापील असते, त्यामुळे मूळ पट्टी काढता येते, पण वाद्यवृंद तेव्हा वाद्यं कुठल्या पिचला, म्हणजे किती उंच सुराला, लावत होते तेही बघावं लागतं, आणि काही गायक सोयीसाठी पट्टी उतरवून गायचे, तिथे पुन्हा कानानेच ठरवायचं. त्यात एकाच सिलिंडरचा सुरुवातीचा आणि शेवटचा वेगही वेगळा असू शकतो.

आपल्याकडच्या घरगुती मैफलींच्या स्पूलना, म्हणजे टेपच्या रिळांना, वेगाचा हाच रोग आहे, आणि इथे छापील स्वरलिपीचा आधारही नाही. पण एक गोष्ट फार कामाची असते, रेकॉर्डिंगमध्ये शिरलेली विजेची घरघर. आपली वीज साधारण 50 हर्ट्झची, मग ती घरघर टेपवर 53 ला दिसली तर टेप 6 टक्के जोरात चाललीय, म्हणजे अर्धा पडदा वर. विजेची फ्रिक्वेन्सीही थोडी हलायची, तरी अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं. म्हणून आजोबांच्या स्पूल कुणाला डिजिटाइझ करायला देणार असाल तर आधीच बजावून सांगा, की काहीही न काढलेली कच्ची फाईल वेगळी ठेव आणि ती घरघर तर अजिबात पुसू नकोस.