पार्श्वभूमी : सर्फस्केटला खान्देशात जागा का मिळत नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये ‘स्केटिंग’ म्हटलं की बुटाखाली चाकं लावून रिंकवर गोल फिरणारी मुलं डोळ्यांसमोर येतात. सर्फस्केटची, म्हणजे लाटेवरच्या सर्फिंगसारखी वळणं घेणाऱ्या चार चाकांच्या स्केटबोर्डची, फळी बगलेत घेऊन कुणी त्याच रिंकवर गेलं, तर पहिला प्रश्न येतो : हे कोणत्या प्रकारात बसतं? हा प्रश्न खान्देशात जन्मलेला नाही. तो बराच वरून खाली झिरपत आला आहे.

कॅलिफोर्नियात १९५० च्या आसपास, समुद्राला लाटा नसलेल्या दिवसांत, सर्फरांनी, म्हणजे फळीवरून लाटांवर स्वार होणाऱ्यांनी, फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. ती चाकं आधी लोखंडी, मग चिकणमातीच्या मिश्रणाची. ज्यांनी लहानपणी गल्लीत बेअरिंगची गाडी पळवली आहे, त्यांना असं चाक वळणावर कसं सुटतं हे सांगायला नको. १९७० च्या दशकात युरेथेनची, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकची, चाकं आली आणि पकड मिळाली. पुढे स्केटबोर्ड उड्या, कठडे आणि रॅम्पकडे वळला. चाकं लहान आणि टणक झाली, आणि लाटेवरचं लांब, खोल वळण मागे पडलं. ते परत आणलं १९९० च्या दशकाच्या मध्यावर, कॅलिफोर्नियातल्याच व्हेनिसमधल्या दोन सर्फरांनी. त्यांनी पुढच्या ट्रकला, म्हणजे फळीखाली चाकं धरणाऱ्या लोखंडी आसाला, स्प्रिंगवर फिरणारा दांडा बसवला. फळीचं नाक त्यामुळे जागच्या जागी वळतं, मागचा ट्रक स्थिर राहतो, आणि कंबर-खांद्याच्या झोक्यावर पाय जमिनीला न लावता पुढे जाता येतं. याला ‘पंप करणं’ म्हणतात. तापीच्या सपाट खोऱ्यात राहणाऱ्याला याहून सोयीची फळी नाही, कारण तिला उतार लागतच नाही.

मग अडलं कुठे? ऑगस्ट २०१६ मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठी स्केटबोर्डिंग घ्यायचं ठरलं. पण ऑलिंपिकच्या दरबारी मान्यता होती ती रोलर स्केटिंगच्या जागतिक संघटनेला. स्केटबोर्डवाल्यांची संघटना वेगळी होती, तिला ती मान्यता नव्हती. ज्यांनी हा खेळ रस्त्यावर वाढवला त्यांतल्या अनेकांनी जाहीर विरोध केला. आमच्या खेळाचा कारभार बुटांखाली चाकं लावणाऱ्यांच्या हाती का, असं त्यांचं म्हणणं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये दोन्ही संघटनांचं विलीनीकरण झालं. कागदावर भांडण मिटलं. मला मात्र हा निर्णय आजही एकतर्फी वाटतो. ‘स्केट’ हा शब्द दोन्हीकडे आहे, एवढ्यावरून दोन वेगळ्या हालचाली एका छत्राखाली आल्या. टोकियोत २०२१ साली स्ट्रीट (पायऱ्या-कठड्यांवरचा) आणि पार्क (खोलगट वाडग्यासारख्या मैदानातला) असे दोनच प्रकार झाले. महिलांच्या स्ट्रीट स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोन्ही मुली १३ वर्षांच्या होत्या. सर्फस्केट या चौकटीत कुठेच नव्हतं.

भारतातही स्केटबोर्ड रोलर स्केटिंगच्याच छत्राखाली आहे. महाराष्ट्रात त्याचा परिणाम अगदी व्यावहारिक आहे. शालेय स्पर्धांत क्वाड (दोन-दोन चाकांच्या जोड्यांचे बूट) आणि इनलाइन (एका रांगेत चाकं असलेले बूट) आहेत, त्यांतून दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळू शकतात, म्हणून पालक तिकडे जातात आणि रिंक त्यांच्यासाठी बांधल्या जातात. पालकांना दोष देता येत नाही. रिंकवरच्या प्रशिक्षकालाही नाही. सगळी मुलं एकाच दिशेने फिरत असताना मध्ये कुणी सापासारखं आडवंतिडवं वळत गेलं, तर टक्कर ठरलेली. वेगळी वेळ देणं मात्र शक्य आहे, आणि तीच मिळत नाही.

गोंधळात भर दुकानांची. दोन चाकांचा, मधून पिळणारा कॅस्टर बोर्ड ‘वेव्हबोर्ड’ म्हणून विकला जातो आणि ‘वेव्ह’ ऐकून लोक त्यालाच सर्फस्केट समजतात. लाँगबोर्डचंही तसंच. लाँगबोर्ड सरळ लांब पळतो, घाटही उतरतो. सर्फस्केटचा सैल पुढचा ट्रक वेगात डगमगतो, म्हणून तोरणमाळच्या किंवा कन्नडच्या घाटात सर्फस्केट चुकूनही नेऊ नये.

उरतात त्या जागा शोधाव्या लागतात. पेव्हर ब्लॉक बाद. जाड खडी वर आलेलं डांबरही बाद, मग चाक ६५-७० मिलिमीटरचं आणि ७८ए (चाकाच्या टणकपणाचं माप) इतकं मऊ असलं तरी. धुळ्याच्या आखीव सरळ गल्ल्या नकाशावर मोहात पाडतात, पण गर्दी उजाडल्यापासून असते. शाळा-कॉलेजचं सिमेंटचं बास्केटबॉल मैदान उत्तम, परवानगी मिळाली तर. आणि खान्देशाची खरी संपत्ती म्हणजे जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांची, आवारं. कापसात माती मिसळू नये म्हणून तिथे मोठाले कोबे असतात, सलग आणि गुळगुळीत.

हंगामात ते कापसाने भरलेले असतात, तेव्हा नाव काढू नये. कापूस उठल्यावर मालकाला विचारावं, कोबा झाडून घ्यावा, कारण उरलेले तंतू बेअरिंगमध्ये गुंडाळले जातात आणि चाक जाम होतं. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून सकाळी आठच्या आत उरकावं. पावसाळा लागला की ओल्या कोब्यावर चाक धरत नाही.