जुन्या लष्करी सेवापत्रकांतील वैद्यकीय शेऱ्यांचे वाचन

सैनिकाच्या सेवापत्रकात आजार, जखमा, रुग्णालयातील भरती आणि शारीरिक पात्रता यांबद्दल हाताने लिहिलेले शेरे उलगडून त्यांचा अर्थ लावण्याचे काम. घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांना आणि लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांना ते करावे लागते. ही नोंद पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश लष्कराच्या कागदांविषयी आहे.

यातले सुमारे ६० टक्के कागद सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरील बॉम्बहल्ल्यात जळाले. उरलेले ‘जळके कागद’ (ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील मालिका डब्ल्यूओ ३६३) कडेने करपलेले आणि आग विझवतानाच्या पाण्याने भिजलेले आहेत. त्यामुळे ओळीचा शेवटचा शब्द, म्हणजे बहुधा नेमका हवा असलेला, गायब असतो. निवृत्तिवेतनाच्या फायली (डब्ल्यूओ ३६४) या आगीतून वाचल्या; वैद्यकीय मंडळांचे सविस्तर अहवाल मिळतात ते मुख्यतः त्यांतच.

अक्षर किरटे असते हे खरे, पण खरी अडचण संक्षेपांची. त्यांचा साठा मर्यादित आहे आणि तो माहीत असला की गिचमिड निम्मी सुटते. ‘जीएसडब्ल्यू एल थाय, एसएल’ म्हणजे डाव्या मांडीला किरकोळ जखम. ‘एसएल’च्या जागी ‘एसइव्ही’ असेल तर जखम गंभीर. जीएसडब्ल्यूचा शब्दशः अर्थ ‘गोळीची जखम’, पण तोफगोळ्याच्या कपच्यांनी झालेल्या जखमाही सर्रास याच नावाखाली जात. त्यावरून आजोबांना बंदुकीची गोळी लागली असे ठरवून टाकू नये. ‘पीयूओ’ म्हणजे कारण न कळलेला ताप. त्यातले बरेच रुग्ण खंदकज्वराचे होते. तो उवांमुळे पसरतो हे १९१८ मध्ये सिद्ध झाले. ‘एनवायडीएन’ म्हणजे ‘निदान बाकी, मज्जाविकार’. ‘शेल शॉक’ (युद्धाच्या धक्क्याने येणारा मानसिक विकार) हा शब्द परस्पर वापरू नये असा आदेश जून १९१७ मध्ये निघाला, तेव्हा त्याच्या जागी हा शेरा आला.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘व्हीडीएच’ची. हा हृदयाच्या झडपांचा विकार. शेवटचे अक्षर पुसट असेल तर उरते ‘व्हीडी’, म्हणजे गुप्तरोग, आणि भल्या माणसावर नसता ठपका बसतो. अशा ठिकाणी पुढची पात्रताश्रेणी (शारीरिक पात्रतेचा दर्जा) आणि सैनिकाला कुठे हलवले ते पाहावे.

‘बी १०३’ या, युद्धसेवेतील जखमा, आजार आणि बदल्या नोंदवण्याच्या फॉर्मवरचे अक्षर बहुधा डॉक्टरांचे नसतेच. पिछाडीच्या कचेरीतला कारकून आलेल्या अहवालांवरून त्यात उतरवून घेई, तेव्हा चुकीचे स्पेलिंग त्याच्या पदरी घालावे. अहवालाची तारीख आणि घटनेची तारीख वेगवेगळ्या रकान्यांत असतात. त्यांची गल्लत झाली की जखम भलत्याच लढाईत जाऊन पडते. अडलेला शब्द सोडवायला त्याच हाताने लिहिलेले गावाचे किंवा महिन्याचे नाव शोधावे, कारण तिथे अक्षरे आधीच ओळखीची असतात. मग तुकडीच्या युद्धदैनंदिनीशी ताळा घ्यावा. रुग्णालयांच्या भरतीवह्याही (एमएच १०६) उपयोगी पडतात, पण त्या नमुन्यादाखलच जपलेल्या असल्याने नाव सापडले नाही म्हणजे माणूस भरती झालाच नव्हता असे होत नाही.