डीआय यादीतला रुग्ण आणि जास्त कामाचा रुग्ण

सोलापूर जिल्ह्यातल्या ज्या घरांतला मुलगा फौजेत आहे, त्या घरांत ‘डीआय’ ही दोन अक्षरे कानांवर पडली की चुलीवरचे दूध उतू जाते तरी कुणाचे लक्ष नसते. लष्करी रुग्णालयात ज्या रुग्णाच्या जिवाला तातडीचा धोका आहे, त्याचे नाव ‘डेंजरसली इल’ यादीत जाते. प्रकृती चिंताजनक आहे पण मृत्यूचा धोका समोर उभा नाही, अशा रुग्णाचे नाव ‘सीरियसली इल’ म्हणजे एसआय यादीत जाते, आणि दोन्ही वेळा जवळच्या नातेवाइकांना कळवले जाते. परिचर्या शिकवताना माझ्याकडे येणाऱ्या मुली, त्यातही माजी सैनिकांच्या घरातल्या, हमखास विचारतात, “मॅडम, म्हणजे डीआयवरच्या पेशंटला सगळ्यात जास्त सिस्टर लागत असतील ना?” वरवर पाहता हो म्हणावेसे वाटते, मात्र आजाराची गंभीरता आणि परिचर्येचा भार ही दोन वेगळी मापे आहेत, आणि एकाच्या जागी दुसरे वापरले की ड्यूटीचा तक्ता चुकतो.

गंभीरता डॉक्टर ठरवतात आणि तिचा प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असतो. परिचर्येचा भार ड्यूटीवरची सिस्टर मोजते आणि तिचा प्रश्न पुढच्या शिफ्टचा असतो: या रुग्णापाशी किती हात, किती मिनिटे लागणार?

दोन खाटा शेजारी ठेवून पाहू. पहिल्या खाटेवर हृदयविकाराचा झटका आलेला सुभेदार आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देऊन झाले आहे, मॉनिटर लावलेला आहे, नाव डीआय यादीत आहे. पहिले काही तास त्याच्याजवळून हलता येत नाही; पण पुढे सगळे सुरळीत राहिले तर ठरलेल्या वेळी व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, श्वास, ताप) पाहणे, औषधे आणि मॉनिटरवर सतत नजर एवढेच मुख्य काम उरते, आणि तो स्वतःच्या हाताने चहा पितो. दुसऱ्या खाटेवर मणक्याला मार लागून कमरेखाली संवेदना गेलेला चोवीस वर्षांचा जवान आहे. त्याची प्रकृती आता स्थिर आहे, जिवाला धोका नाही, म्हणून दोन्ही याद्यांत त्याचे नाव नाही. पण बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, होऊ नये म्हणून त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, म्हणजे दिवसाकाठी बारा वेळा. दर वेळी दोघे जण आणि पाठ तपासून चादर नीट करेपर्यंत दहा मिनिटे धरली, तर नुसत्या कूस बदलण्यातच चार तासांचे मनुष्यबळ जाते. स्पंजिंग म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणे, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची निगा, शौचाची व्यवस्था, भरवणे आणि ‘सिस्टर, मी पुन्हा उभा राहीन का?’ या प्रश्नापाशी बसणे हे सगळे अजून मोजायचे आहे.

हा गोंधळ केवळ विद्यार्थिनींचा नाही, मोजमापाच्या इतिहासातच त्याचे मूळ आहे. १९७४ मध्ये अतिदक्षता विभागासाठी आलेली ‘टिस’ ही गुणपद्धती मुळात आजाराची तीव्रता ठरवण्यासाठी होती. रुग्णावर जितके जास्त उपचार चालू, तितका तो जास्त आजारी, असे तिचे गृहीतक होते. पुढे तीच परिचारिकांचे काम मोजायला वापरली जाऊ लागली. १९८५ च्या ‘अपाची-टू’ या गुणपद्धतीमुळे गंभीरतेचे मोजमाप रक्तदाब, नाडी, रक्तातले घटक अशा शारीरिक नोंदींकडे आणखी सरकले, आणि कामाच्या बाजूने १९९६ मध्ये ‘टिस-२८’ ही छोटी आवृत्ती आली. पण तिच्यात परिचारिकेच्या निम्म्याहून कमी वेळाचा हिशेब लागत होता. २००३ च्या ‘नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर’ने स्वच्छता, कूस बदलणे, नातेवाइकांशी बोलणे, लिखापढी ही कामे जमेस धरली, तेव्हा सुमारे ८१ टक्के वेळ कागदावर आला. त्यात शंभर गुण म्हणजे एका परिचारिकेचा पूर्ण वेळ, आणि एखाद्या रुग्णाचे गुण शंभराच्या वर जाऊ शकतात. कूस बदलणे हे ‘काम’ म्हणून कागदावर यायला एवढा काळ लागला, याचे मला अजून नवल वाटते.

लष्कराला मात्र या मापाची गरज आधीच जाणवली होती. अमेरिकेच्या भूदलाने आणि नौदलाने १९८० च्या दशकात ‘वर्कलोड मॅनेजमेंट सिस्टिम फॉर नर्सिंग’ ही पद्धत आपल्या रुग्णालयांत आणली. व्हायटल्स, आंघोळ व भरवणे, शिरेतून औषधे, ड्रेसिंग, श्वसनोपचार, शिकवणे, भावनिक आधार अशा बाबींना गुण देऊन रुग्णाला सहांपैकी एका वर्गात घालायचे आणि वर्गांच्या बेरजेवरून शिफ्टला किती माणसे हवीत ते काढायचे, अशी तिची रचना. रुग्ण वाचेल की नाही, हा प्रश्न त्या तक्त्यात कुठेही नाही.

दोन्ही मापे नेहमी एकत्र चढत-उतरत नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवे. व्हेंटिलेटरवर गुंगीत असलेला रुग्ण शुद्धीवर येऊ लागला की त्याचे नाव डीआयवरून एसआयवर येते आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण तोच रुग्ण आता नळ्या ओढतो, उठून बसू पाहतो, त्याला फिजिओथेरपीसाठी उठवावे लागते, घास भरवावा लागतो. गंभीरता उतरली आणि काम वाढले.

लष्करी रुग्णालयात हा फरक अधिक ठळक दिसतो, कारण तिथे भरती झालेल्या जवानाचे कुटुंब बहुधा शेकडो किलोमीटर दूर असते. खाटेजवळ घरचे कुणी नसते, म्हणून सगळी शुश्रूषा सिस्टर आणि नर्सिंग असिस्टंट यांच्याकडेच येते आणि तक्त्यात उतरते. आपल्याकडे सोलापुरात कोणत्याही मोठ्या वॉर्डात रुग्णाची आई, मावशी किंवा भाऊ खाटेखाली चटई टाकून असतोच, आणि स्पंजिंगपासून नळीतून पेज देण्यापर्यंत बरेचसे काम त्यांच्या हातून होते. त्यामुळे लष्करी तक्ता जसाच्या तसा इथे वापरला, तर आकडा फसवा येतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने वॉर्डात सरावासाठी भरलेला तक्ता मला आठवतो. लकव्याच्या एका रुग्णाला तिने दिवसा कमी कामाच्या वर्गात घातले होते, कारण तिने पाहिले तेव्हा तो स्वच्छ होता आणि कुशीवर नीट झोपलेला होता. ती कूस त्याच्या आत्याने बदलली होती. संध्याकाळी आत्या बार्शीच्या शेवटच्या एसटीने निघाली, आणि सकाळपर्यंतच्या सहा वेळा एकट्या नाइट सिस्टरच्या वाट्याला आल्या. आता मी तक्त्यात एक रकाना वाढवून घेतला आहे: ‘हे काम कोणी केले?’ मुली त्यात पहिल्या आठवड्यात काहीच लिहीत नाहीत, दुसऱ्या आठवड्यात ‘नातेवाईक’ हा शब्द पानभर दिसू लागतो.