बाईल, बायल्या आणि बांगड्या

‘बायल्या’ म्हटलेलं कुणाही मराठी पुरुषाला झोंबतं, पण त्यातला ‘बाईल’ हा शब्द त्याने घरात बहुधा कधी उच्चारलेलाही नसतो. सतराव्या शतकात तो साधा रोजचा शब्द होता. बाईल म्हणजे बायको, किंवा नुसती बाई. ‘बाईल मेली मुक्त जाली’ असं तुकोबा म्हणतात तेव्हा त्या शब्दात हेटाळणी नाही. गोव्यात कोकणी बोलणारा माणूस आजही लग्नाच्या बायकोला ‘बायल’ म्हणतो. घाटावरच्या मराठीत मात्र ‘बायको’ने ती जागा घेतली आणि मूळ शब्द बायल्या, बाईलवेडा, बाईलबुद्ध्या अशा हिणवण्यांपुरता उरला. चांगल्या अर्थाचा वापर संपला, वाईट टिकला.

शिवी घडते ती ‘-या’ या प्रत्ययामुळे. दाढ्या, टकल्या, नकट्या, तसंच गण्या, राम्या. अंगावरची खूण किंवा व्यंग धरून नाव पाडायचं, नाहीतर असलेलं नाव मोडायचं, हे त्याचं काम. सलगीही त्यातच आणि तुच्छताही. शब्द पुल्लिंगी होतो आणि पुरुषासारखा चालतो: बायल्याने, बायल्याला. भागूबाई आणि रडूबाई यांची रीत उलटी. तिथे शब्द स्त्रीलिंगीच राहतो आणि बाप्याला चिकटवला जातो. त्यातली ‘बाई’ ही मुक्ताबाई-जनाबाईंच्या नावातली मानाची बाई आहे. खोचकपणा येतो तो तिच्यामुळेच.

मराठीत तर शिवीसाठी शब्दही लागत नाही. रडणाऱ्या पोराला ‘काय रे, रडतोस काय?’ऐवजी ‘काय गं, रडतेस काय?’ म्हटलं की पुरे. ‘तो’चा ‘ते’ होतो आणि पोरगं मुकाट डोळे पुसतं. उलट दिशेने हे चालत नाही. कोल्हापूरकडे बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ‘आमची मुलगी अगदी मुलासारखी’ हे कौतुक असतं; ‘मुलगा मुलीसारखा’ ही तक्रार.

याहून जुनी टीका वेगळ्या जातीची होती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला ‘क्लैब्यं मा स्म गमः’ म्हणतो. क्लीब म्हणजे बाई नव्हे. अमरकोशात हाच शब्द नपुंसकलिंगासाठी येतो. फारसीतून आलेला ‘नामर्द’ही तसाच: ना-मर्द, म्हणजे जे असायला हवं ते नसणारा. या शब्दांत स्त्रीचा उल्लेखच नाही. पुढे बोलण्यात या दोन्ही जाती एकमेकींत मिसळल्या आणि ‘हिजडा’ हे एका समाजाचं नावही त्याच पोत्यात पडलं.

बांगड्यांची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. कासार अंगठ्याच्या बुडाचा सांधा आत दाबतो, पंजा निमुळता करतो आणि काचेची बांगडी हळूहळू वर चढवतो. म्हणूनच बांगड्या ‘घालणं’पेक्षा ‘भरणं’ हे क्रियापद रुळलं. फुटली तरी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं, कारण फुटण्याचा संबंध वैधव्याशी. ‘हातात बांगड्या भरल्यात का?’ या टोमण्यामागचा हिशेब असा: ज्या हाताला काच जपायची आहे तो हात उगारला जाणार नाही. त्याच हातांनी जात्यावर पायलीच्या पायली दळणं होत असत, ते या हिशेबात धरलेलं नाही. महाभारतातला अर्जुन तर विराटाघरी बृहन्नडा होऊन राहायचं ठरवतो तेव्हा धनुष्याच्या दोरीचे घट्टे झाकायला बांगड्याच घालतो. तरीही अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवणारे मोर्चे अजून निघतात, आणि कित्येकदा ते महिला आघाडीचेच असतात.

बायकीपणाला दादही मिळत होती, पण रंगमंचावर. भाऊराव कोल्हटकर आणि त्यांच्यानंतर 1905 साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेले बालगंधर्व हे स्त्रीपार्टांसाठीच डोक्यावर घेतले गेले. बालगंधर्वांची साडी नेसण्याची तऱ्हा घरंदाज बायका उचलत. तमाशातला ‘नाच्या’ पोऱ्या हाही मुळात फडातला कसबी कलावंत होता, आणि ‘नाच्या’ हे त्याच्या कामाचं नाव. पवळासारख्या स्त्रिया बोर्डावर आल्यावर त्याचं काम आटलं. नाव मात्र गावात फिरत राहिलं, लचकत चालणाऱ्या कुठल्याही पोराला मारायला.

बाईपणातलं सगळंच काही शिवीत गेलं नाही, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. आईपण सुटलं. ज्ञानेश्वर हे ‘माउली’, विठ्ठल ही ‘विठाई’, आणि ज्ञानदेवांच्या विरहिण्या तर स्त्रीच्या तोंडूनच बोलतात. शिवीत गेली ती बायको आणि लहान मुलगी, म्हणजे घरात जिच्यावर हुकूम चालायचा ती. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरला निघालेला पागोटेवाला शेतकरी शेजारच्या मिशाळ गड्याला ‘माउली, जरा सरका’ म्हणतो, आणि तो सरकतो.