रोबोसोबतचा तास: पालकांसाठी माहिती

"रोबोमुळे आमचं लेकरू बोलायला लागेल का?" सोलापुरात आमच्याकडे येणारे स्वमग्न मुलांचे पालक बहुतेक वेळा हेच आधी विचारतात. तशी हमी आम्ही देत नाही, दुसरं कोणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. ऑटिझम म्हणजेच स्वमग्नता हा आजार नाही, त्यामुळे तो 'बरा' करायचा प्रश्नच येत नाही. रोबोचा उपयोग सरावासाठी आहे. माणसांशी वागताना लागणाऱ्या गोष्टी मुलाला न बिचकता, हव्या तितक्या वेळा करून बघता येतात.

माणसाचा चेहरा क्षणाक्षणाला बदलतो, आवाज चढतो-उतरतो. त्यात घरात टीव्ही आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट. अनेक स्वमग्न मुलांना हे सगळं एकदम झेपत नाही. रोबो तेच वाक्य दहाव्यांदाही त्याच आवाजात म्हणतो आणि वैतागत नाही. कल्पना जुनीच आहे: 1976 मध्ये एडिंबरा इथे एका स्वमग्न मुलाला जमिनीवर चालणारं रोबो-कासव हाताळायला दिलं होतं. हर्टफर्डशायर विद्यापीठात 2005 पासून घडत गेलेला 'कास्पर' हा लहान मुलाएवढा रोबो गुदगुल्या केल्या की हसतो आणि जोरात मारलं की दुखलं म्हणून सांगतो. स्पर्श किती जोराचा असावा, हे मुलाला तिथल्या तिथे कळतं.

तासात काय होतं?

टेबलावर डफली असते. रोबो तीनदा वाजवतो, थांबतो आणि मुलाकडे मान वळवतो. "आता तुझा नंबर." मूल लगेच वाजवेलच असं नाही. ते टेबलाखाली जाईल, रोबोची बोटं चाचपून बघेल. आम्ही घाई करत नाही. ते वाजवू लागलं की डफली शेजारी बसलेल्या विशेष शिक्षिका ताईंकडे जाते: रोबो, मूल, ताई. पुढे त्या फेरीत आई, आजी किंवा भाऊ येऊन बसतो आणि रोबोचे नंबर कमी होत जातात. शेवटी डफली घरच्यांमध्येच फिरायला हवी, रोबो बंद असला तरी.

याला कारण आहे. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 12 मुलांच्या घरी महिनाभर रोबो ठेवला होता, रोज अर्धा तास. मोठ्या माणसांसोबत एकाच गोष्टीकडे लक्ष देण्यात मुलांची प्रगती दिसली. रोबो गेल्यावर मात्र ती काहीशी ओसरली. म्हणून घरातलं एक माणूस तासाला बसणार नसेल, तर आम्ही तास सुरूच करत नाही.

'डोळ्यांत बघ' असा आग्रह इथे कोणी धरत नाही. नजर चुकवूनही मूल ऐकत असतं. मोठ्या मुलांसोबत दुकानात वस्तू मागणं, नोकरीच्या मुलाखतीतले प्रश्न यांचाही सराव घेतो.

सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येतं. रोबोची वाक्यं तुमच्या घरात बोलली जाणारी भाषा बघून भरतो, कारण आजीशी तेलुगूत बोलणाऱ्या मुलाला नमस्कार-चमत्कार मराठीत शिकवून घरी फारसा उपयोग नाही.

हेही माहीत असू द्या

रोबो स्वतःच्या मनाने बोलत नाही. बरंचसं ताई टॅबलेटवरून चालवतात. त्याला कॅमेरे आहेत; तुमच्या लेखी संमतीशिवाय काहीही रेकॉर्ड होत नाही. हालचाल करताना मोटरचा आवाज येतो. काही मुलं कानांवर हात ठेवतात, तेव्हा तास तिथेच थांबतो. काहींना रोबो आवडतच नाही, मग आम्ही दुसरा मार्ग सुचवतो. असे रोबो काही लाखांना मिळतात. कर्ज काढून घरी आणू नका.

स्पीच थेरपी (बोलण्याचा सराव) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणूनचा सराव) बंद करू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या. 'निरामय' आरोग्य विमा योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. अर्ज भरायला आम्ही मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

पहिल्या भेटीला मुलाची आवडती वस्तू सोबत आणा, मग ती बाटलीचं झाकण का असेना. कोणत्या आवाजाने ते घाबरतं, ते आधी फोनवर सांगा. त्या दिवशी रोबो कपाटातच असतो. मूल आधी खोली बघतं, ताईंना बघतं, आणि वाटलं तर लगेच परत जातं.