कौटुंबिक पक्षीनिरीक्षण

घरातल्या लहानथोरांनी मिळून, पक्ष्यांना न पकडता आणि न बिथरवता, त्यांचे रूप, आवाज व वागणे पाहण्याचा आणि त्याची नोंद ठेवण्याचा छंद. खिडकी, गॅलरी, अंगण किंवा गच्चीत तो सुरू होतो आणि पुढे टेकडी, तळे, खाडी, अभयारण्य असा वाढत जातो. महाराष्ट्र आणि गोव्यात त्याला फार चांगले दिवस येऊ शकतात, कारण सह्याद्रीची झाडी, देशावरचे माळ, धरणांचे पाणफुगवटे आणि कोकणापासून गोव्यापर्यंतच्या खाड्या बहुतेक शहरांपासून एका दिवसाच्या टप्प्यात आहेत.

मराठी घराला पक्षी नवा नाही. मूल जेवत नसले की ‘हा घास काऊचा, हा घास चिऊचा’ म्हणत त्याला खिडकीशी नेतात, आणि बहुतेकांचे पहिले पक्षीनिरीक्षण तोंडात घास असतानाच होते. पितृपक्षात पान ठेवून वाट पाहणाऱ्या घराला कावळ्याचा संशयी स्वभाव पुरता ठाऊक असतो. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, रात्री टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडते, असे आजी-आजोबा सांगतात. यातला शकुन-अपशकुन बाजूला ठेवला तरी मागे निरीक्षण उरते. टिटवी उघड्या जमिनीवर, दगडगोट्यांत अंडी घालते. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस जवळ आला की ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडते, अगदी रात्रीसुद्धा. मुलांना हे एकदा उलगडून सांगितले की त्या आवाजाची भीती जाते आणि कान आपोआप तिकडे लागतो.

भारतातील पक्षिशास्त्राची सर्वांत मोठी कारकीर्द अशाच घरगुती कुतूहलातून उभी राहिली. सालिम अली (जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबई) लहानपणीच पोरके झाले आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या खेतवाडीतील घरी वाढले. एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मामांनाही तो पक्षी ओळखता येईना, तेव्हा त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (स्थापना १८८३) पाठवले. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पक्षी ओळखायला आता बंदूक लागत नाही. मामांनी केले ते मात्र आजच्या पालकांनीही करण्याजोगे आहे : उत्तर येत नसतानाही त्यांनी मुलाचा प्रश्न झटकून टाकला नाही, ज्याला ते येते त्याच्याकडे मुलाला धाडले.

घरातून

पुष्कळ कुटुंबे पहिल्याच दिवशी अभयारण्य गाठतात, ऊन चढेपर्यंत चालतात आणि ‘काहीच दिसले नाही’ म्हणत परततात. बहुतेक वेळा पक्षी असतात, डोळ्यांना सवय नसते. ती सवय रोजच्या पक्ष्यांवरच लागते. म्हणून या छंदात घरच्या खिडकीचे स्थान सहलीच्या वरचे मानावे. सकाळी शाळेची घाई सुरू होण्याआधी एकाच जागी दहा मिनिटे बसणे, हाच खरा रियाज.

शहरातल्या साध्या सोसायटीतही साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंजीर, शिंपी, तांबट, कोकीळ, पोपट, होला, घार आणि कावळा सहज भेटतात. प्रत्येकाचे एखादे वेगळेपण मुलांना शोधायला सांगावे. दयाळाचा नर काळा-पांढरा असतो, मादीत काळ्याच्या जागी राखाडी रंग असतो. काळाभोर, लाल डोळ्यांचा कोकीळ हा नर. त्याची मादी तपकिरी आणि अंगभर पांढुरक्या ठिपक्यांची, त्यामुळे तिला कोणी कोकीळ समजतच नाही. ‘कुहू’ घालतो तो नर. मादी ‘किक्-किक्-किक्’ असा घाईचा आवाज काढते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. उन्हाळ्यात कावळे कोकिळामागे का लागतात, हे मग मुले आपले आपणच जुळवतात. तांबट पानांच्या रंगाचा असल्यामुळे आधी ऐकूच येतो. भर दुपारी एकसुरी ‘टुक्-टुक्-टुक्’ चालू असते, आणि ओरडताना तो मान फिरवत असल्याने आवाज वेगवेगळ्या दिशांनी येतो असा भास होतो.

जवळून पाहण्यासारखा कारागीर म्हणजे शिंपी. मुठीत मावेल एवढा, पाठ हिरवट, माथा तांबूस, शेपटी उभी, आणि आवाज देहाच्या मानाने फारच मोठा. कर्दळ, जास्वंद, अंजीर अशा झाडाची रुंद पाने तो निवडतो. चोचीने पानाच्या कडेला बारीक भोके पाडून त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवतो. बाहेर आलेले टोक फुगून बोंडासारखे होते, त्यामुळे टाका सुटत नाही. अशा खिशात कापूस आणि मऊ तंतू भरून घरटे होते. पान झाडावरच असते, हिरवेच राहते, आणि रोज पाणी घालणाऱ्यालाही ते सापडत नाही. कुंडीतल्या झाडाची छाटणी करण्यापूर्वी पाने उलटून पाहायला मुलांना शिकवावे, ते याचसाठी.

शिंजिराचा नर विणीच्या दिवसांत आरशावर किंवा स्कूटरच्या काचेवर चोची मारत राहतो. स्वतःचे प्रतिबिंब त्याला हद्दीत घुसलेला दुसरा नर वाटते. गंमत म्हणून पाहत न बसता काचेवर फडके टाकावे. तो उगाच दमतो.

पाणी, दाणे आणि घरटी

घरच्या निरीक्षणात सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे पाण्याचे उथळ, पसरट, खरबरीत मातीचे भांडे. पाणी दोन-अडीच बोटांहून खोल नसावे, मध्ये एखादा दगड ठेवावा, आणि पाणी रोज ओतून भांडे घासावे. तसे न केल्यास डास होतात आणि पक्ष्यांमध्ये रोग पसरतात. मार्च ते मे या काळात अशा भांड्यावर जेवढे पक्षी दिसतात तेवढे दाण्यांवर कधीच दिसत नाहीत. कीटक आणि फळे खाणाऱ्यांना दाण्यात रस नसतो, तहान मात्र सगळ्यांना लागते.

दाणे घालायचेच तर बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी, तीही मूठभर. फरसाण, ब्रेड, खारट-तेलकट उरलेसुरले घालू नये. पारव्यांना पोती रिकामी करणे हे तर पक्षीप्रेम म्हणता येणार नाही. त्यांची संख्या वाढून लहान पक्षी मागे हटतात, आणि वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. मुंबईतील कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच कारणाने. दाण्यांपेक्षा झाडे लावावीत : उंबर, शेवगा, जास्वंद, कडीपत्ता.

चिमणी कमी दिसू लागल्याची दोन मोठी कारणे घराशीच निगडित आहेत. जुन्या घरांतल्या वळचणी, फटी आणि तसबिरींमागच्या जागा काचेच्या-काँक्रीटच्या इमारतींत उरल्या नाहीत. शिवाय चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना किडे-अळ्या भरवते, आणि फवारणी केलेल्या बागेत त्या मिळत नाहीत. लाकडी खोके, सव्वा इंचाच्या आसपासचे भोक, सावलीची भिंत आणि मांजर पोहोचणार नाही अशी उंची, एवढे जमले तर चिमण्या येतात. अंडी उबवायला सुमारे दोन आठवडे आणि पिले उडायला तेवढेच. हा काळ घरातल्या मुलांसाठी मोठा असतो. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो. त्याची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने झाली.

बाहेर

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास उत्तम. कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, टोपी, पाणी आणि खाऊ. दुर्बीण ८×४२ मापाची घ्यावी, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. याहून जास्त मोठे दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते. लहान मुलाला हलकी दुर्बीण द्यावी आणि दोन्ही नळ्यांतले अंतर त्याच्या डोळ्यांनुसार आधी जुळवावे, नाहीतर त्याला काळोख दिसतो आणि ते कंटाळते. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपुढे आणणे, हे घरच्या खिडकीतच शिकून घ्यावे.

लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर भिगवणसारखे ठिकाण नाही. उजनी धरणाच्या पाणफुगवट्यात, कुंभारगावच्या काठावरून मासेमार नावेतून पक्षी दाखवतात. हिवाळा आणि त्यापुढचे एक-दोन महिने इथे रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, शेकाट्या, सुरय आणि पट्टकादंब दिसतात. पट्टकादंबाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तिबेट, मंगोलियाकडे वीण करून तो हिमालय ओलांडून येतो. नाव संथ रेटत नेली आणि बोलणे थांबले की रोहित उडत नाहीत, चरत राहतात. मान खाली सोडून, चोच उलटी करून ते पाणी गाळतात आणि पायांनी गाळ ढवळतात. थव्यात काही पक्षी मळकट राखाडी दिसतात, ती वयात न आलेली पिले. हे बहुधा मुलेच आधी हेरतात. नावाड्याला ‘उडवून दाखवा’ असे कधीही सांगू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याचे चरणे मोडून काढलेल्या फोटोला काही अर्थ नाही.

मुंबईकरांना ठाणे खाडी जवळची. २०१५ मध्ये ती रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली. ऐरोलीहून होडी सुटते, पण आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे लागते. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलात विखुरतात आणि पूर्ण भरतीला त्यांना उभे राहायला जागा उरत नाही. मधल्या वेळी चढते पाणी त्यांना काठाकडे ढकलते. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पनवेलजवळचे कर्नाळा झाडीतल्या पक्ष्यांसाठी चांगले, पण तिथे दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येते. गोव्यात मांडवीतील चोडण बेटावर सालिम अलींच्या नावाचे खारफुटीतले अभयारण्य आहे. रायबंदरहून फेरीबोटीने जाण्यातच मुलांचा निम्मा आनंद असतो.

दूर जाणे जमत नसेल तर गावाबाहेरचा फळलेला वड गाठावा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल तिथे थव्याने येतो. पानांत तो इतका बेमालूम मिसळतो की रिकामे वाटणारे झाड अचानक हलू लागते. पावसाळ्यात विहिरीवर वाकलेली बाभूळ पाहावी. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादीने ते पसंत केले तरच पुढचे काम पूर्ण करतो. अर्धवट सोडलेली घरटी त्याच झाडावर लोंबत असतात. पेरणीच्या सुमारास ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा पावशा शेतकऱ्यांच्या घरात सगळ्यांनाच ठाऊक असतो, दिसलेला मात्र फार थोड्यांना.

पथ्ये आणि नोंदी

घरट्याजवळ जाऊ नये, विणीच्या काळात मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवू नये. जमिनीवर पडलेले, पिसे फुटलेले पिलू बहुधा उडायला शिकत असते. त्याला घरी न आणता जवळच्या फांदीवर ठेवून दूर व्हावे. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत. पिंजऱ्यातला देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. संक्रांतीला नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नये.

वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता एवढे लिहावे. नाव कळले नाही तर वर्णन आणि चित्र पुरे. मर्लिन हे मोफत ॲप आवाजावरून नाव सुचवते, पण डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय ते वहीत उतरवू नये. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्या की संशोधकांच्या कामी येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट भरतो. किमान पंधरा मिनिटे मोजणी करून कोणतेही घर त्यात भाग घेऊ शकते. भारत २०१३ पासून त्यात आहे. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांमध्ये तो येतो. त्या आठवड्यात ठिकठिकाणचे वनविभाग आणि पक्षीमित्र मोफत फेऱ्या काढतात. हिवाळी पाहुणे तोवर पोहोचलेले असतात आणि पुष्कळ वर्षी शाळांना दिवाळीची सुट्टीही असते, म्हणून पहिल्या फेरीसाठी हा आठवडा सोयीचा.